पैदाशीचा कोंबडा काट्यावर निवडू नका

पैदाशीसाठी कोंबडा निवडताना बहुतेक जण आधी त्याला दोन्ही हातांनी उचलतात. जड लागला की ठेवतात, हलका लागला की तो आठवडी बाजारात जातो. गावरान आणि सुधारित देशी कोंबड्यांच्या कळपात वर्षानुवर्षं अशीच निवड चालते, आणि माझ्या मते अंड्यांसाठी पाळलेल्या कळपाचं सगळ्यात जास्त नुकसान हीच सवय करते. जड कोंबड्याच्या पोरी जड होतात. जड कोंबडी अंडं देवो न देवो, तिचं शरीर चालवायलाच रोज जास्त खाद्य लागतं. कोंबडीपालनातल्या एकूण खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग खाद्याचा असतो, म्हणून हा हिशेब ग्रॅममध्येच करावा लागतो.

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला किती ऊर्जा लागते याचं एक जुनं आणि भरवशाचं सूत्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली कोंबड्यांच्या पोषणाचे जे तक्ते दिले, त्यात ते आहे. सूत्राचे तीन भाग आहेत. पहिला भाग शरीर चालवण्याचा: वजनाचा (किलोत) ०.७५ घात घ्यायचा आणि त्याला (१७३ वजा १.९५ गुणिले शेडचं सरासरी तापमान) याने गुणायचं. दुसरा भाग वजनातल्या बदलाचा: रोज जितके ग्रॅम वजन वाढतं, त्याला ५.५ ने गुणायचं. वजन घटत असेल तर हा भाग वजा होतो. तिसरा अंड्यांचा: रोजी पडणारं अंड्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले २.०७. तिन्हींची बेरीज म्हणजे दिवसाची ऊर्जा, किलोकॅलरीत. घात काढायला मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की पुरतो, पण हाताशी असावेत म्हणून नेहमी लागणारे आकडे देतो: १.२ किलोला १.१४७, १.४ किलोला १.२८७, १.६ किलोला १.४२३, १.८ किलोला १.५५४ आणि २ किलोला १.६८२.

आता १.६ किलोची गावरान कोंबडी घ्या. शेडचं तापमान २८ अंश, अंडं ४२ ग्रॅमचं, आणि दर दोन दिवसांनी एक (५० टक्के अंडी), म्हणजे रोजी २१ ग्रॅम. शरीर चालवायला १६८ किलोकॅलरी, अंड्यासाठी ४३. एकूण २१२. किलोला २,६०० किलोकॅलरी असलेलं लेअर खाद्य दिलं, तर ती दिवसाला साधारण ८१ ते ८२ ग्रॅम खाते. त्यातला ८० टक्के भाग ती नुसती जगण्यावर खर्च करते. एक किलो अंड्यामागे ३.९ किलो खाद्य झालं. हेच गणित दीड किलोच्या, ९० टक्के अंडी देणाऱ्या, ५६ ग्रॅमचं अंडं घालणाऱ्या व्यापारी लेअरचं केलं, तर ती १०२ ग्रॅम खाते, पण किलोभर अंड्यामागे खाद्य लागतं जेमतेम २ किलो. दोघींच्या शरीराचा रोजचा खर्च जवळपास सारखाच आहे. तो किती अंड्यांवर वाटला जातो, फरक तिथे पडतो.

या आकड्यांमधून कामाच्या तीन गोष्टी निघतात. एक, अंडी थांबलेली कोंबडीही रोज ६५ ग्रॅम खात राहते, महिन्याला जवळपास २ किलो. दोन, अंडी ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली तर खाद्य फक्त ३ ग्रॅमने वाढतं, आणि किलोभर अंड्याचा खाद्यखर्च ३.९ वरून ३.४ किलोवर येतो. तीन, अंडी तेवढीच ठेवून कोंबडी २०० ग्रॅमने जड झाली तर रोजचे ६ ग्रॅम, वर्षाचे सव्वादोन किलो खाद्य वाढतं. शंभर कोंबड्यांमागे ते सव्वादोन क्विंटलच्या आसपास जातं. कळपातल्या नरांच्या सरासरीपेक्षा ४०० ग्रॅमने जड कोंबडा दर पिढीला निवडत राहिलात, तर तीनेक पिढ्यांत पोरींचं वजन एवढं सहज वाढतं, कारण शरीराचं वजन हा आनुवंशिकतेने चांगला उतरणारा गुण आहे.

मग मांसासाठी विकायच्या नरांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. गावरान नराला वजनावर चांगला भाव मिळतो, म्हणून जडपणा लोकांना सोडवत नाही. पण एकाच कळपाकडून जड नर आणि कमी खाणारी अंड्याची कोंबडी या दोन्ही गोष्टी मागू नयेत. दोन वेगळ्या ओळी (वेगवेगळे जपलेले वंश) ठेवाव्यात: एक लहान अंगाची, भरपूर अंड्यांची मादी-ओळ आणि एक भराभर वाढणारी नर-ओळ. विक्रीची पिल्लं या दोन ओळींच्या संकरातून काढायची. मोठ्या पैदास कंपन्या हेच करतात. ब्रॉयलरच्या काही मादी-ओळींमध्ये तर बुटकेपणाचा लिंगसंलग्न जनुक मुद्दाम ठेवलेला असतो. त्याने आईचं अंग तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लहान राहतं आणि तिचं खाद्य वाचतं. पण बाप नेहमीच्या अंगाचा असल्याने पिल्लांच्या वाढीत फारसा फरक पडत नाही.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्या किंवा ब्रॉयलर घरी आणून त्यांचीच अंडी उबवली, तर त्यातून तसाच कळप तयार होत नाही. त्या संकरातून आलेल्या आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात: एक पिल्लू जड, एक हलकं, एक भरपूर अंड्यांचं, एक सारखं खुडूक बसणारं. संकराचा जोमही निम्म्यावर येतो. निवडीचं काम करायचं तर शुद्ध जात हवी (कडकनाथ, असील किंवा तुमच्याच भागातला जुना गावरान कळप), किंवा संकरातून सुरुवात करून निदान चार-पाच पिढ्या बंद कळपात नेटाने निवड करण्याची तयारी हवी.

एफसीआर का फसवतो

खाल्लेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन (किंवा अंड्यांचं वजन), म्हणजे एफसीआर. ब्रॉयलरच्या करार पद्धतीत शेतकऱ्याचे पैसे यावरच ठरतात, म्हणून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. अख्ख्या बॅचचा हिशेब करायला तो उत्तम. पण एकेका पक्ष्याची पैदाशीसाठी निवड करताना भागाकार फसवतो, कारण त्यात तीन-चार वेगळे गुण एकत्र कालवले जातात. एकीचा एफसीआर चांगला दिसतो तो ती खरोखर कमी खाते म्हणून, दुसरीचा ती लहान आहे म्हणून, आणि तिसरीचा ती अंगावरची चरबी उतरवून अंडी देते आहे म्हणून.

तीन कोंबड्यांचं उदाहरण घेऊ. २८ दिवसांची चाचणी, २८ अंश तापमान, तेच २,६०० किलोकॅलरीचं खाद्य.

पहिली १.८ किलोची, वजन स्थिर, रोजी २४ ग्रॅम अंडं, खाल्लं ८८ ग्रॅम. एफसीआर ३.६७.
दुसरी १.४ किलोची, वजन स्थिर, रोजी २२ ग्रॅम अंडं, खाल्लं ८१ ग्रॅम. एफसीआर ३.६८.
तिसरी १.६ किलोची, रोजी २१ ग्रॅम अंडं, खाल्लं ७६ ग्रॅम. एफसीआर ३.६२.

भागाकारावर गेलात तर तिसरी पहिला नंबर घेते. पण तिचं वजन २८ दिवसांत ८४ ग्रॅमने घटलंय, रोज ३ ग्रॅम. आता सूत्र लावा. पहिलीने खायला हवं होतं ९० ग्रॅम, खाल्लं ८८. म्हणजे २ ग्रॅम कमी. दुसरीने ७६ खायला हवं होतं, खाल्लं ८१. ५ ग्रॅम जास्त. तिसरीला घटलेल्या वजनाची ऊर्जा अंगातूनच मिळाली, म्हणून तिने ७५ खायला हवं होतं आणि खाल्लं ७६, जवळपास बरोबरीत. खरी काटकसरी पहिली. लहान अंगाची दुसरी ही मुळात खादाड आहे, ते तिच्या कमी वजनाआड झाकलं गेलं होतं.

खायला हवं होतं ते वजा करून उरणाऱ्या या फरकाला पैदासशास्त्रात आरएफआय (रेसिड्युअल फीड इनटेक) म्हणतात. १९६३ साली मांसाच्या जनावरांसाठी ही कल्पना मांडली गेली, आणि पुढे कोंबड्यांमध्ये तिच्यावर सगळ्यात चिकाटीचं काम फ्रान्समध्ये झालं. तिथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत ऱ्होड आयलंड रेडच्या दोन ओळी १९७० च्या दशकापासून उलट्या दिशांना निवडत नेल्या: एक जास्त फरकाची, एक कमी फरकाची. वजन आणि अंडी जवळपास सारखी असूनही दोन्ही ओळींच्या खाण्यात मोठं अंतर पडत गेलं. खादाड ओळीच्या अंगातून उष्णता जास्त बाहेर पडते आणि तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या लोळ्याही मोठ्या झाल्या. खाल्लेलं अंड्यात न जाता उष्णता होऊन उडून जातं, असं ते साधं कारण. कोंबड्यांमध्ये हा फरक मध्यम प्रमाणात आनुवंशिक आहे, म्हणून निवडीने तो हलतो.

फरकाचा आकडा वजनाचा विचार आधीच बाजूला काढतो, हे मात्र लक्षात ठेवा. वरच्या उदाहरणातली पहिली कोंबडी काटकसरी आहे, पण १.८ किलोची आहे. फक्त फरकावर निवडत गेलात तर वजन वर-खाली कुठेही जाऊ शकतं. म्हणून मादी-ओळीसाठी आधी चाळणी लावायची: प्रौढ वजन १.३ ते १.६ किलोच्या आत, अंडं ४२ ग्रॅमच्या वर, अंडी कळपाच्या सरासरीपेक्षा जास्त. या चाळणीतून उरलेल्यांमध्येच फरकाप्रमाणे क्रम लावायचा. पहिली कोंबडी अंड्यांनी कितीही चांगली असली तरी मी तिला मादी-ओळीत घेणार नाही.

चाचणी कशी घ्यायची

वय ३२ ते ४० आठवडे. याआधी तलंगा अजून वाढत असतात आणि वजनाचा बदल हिशेबात गोंधळ घालतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, उन्हाने खाणं इतकं पडतं की कोंबड्यांमधले खरे फरक झाकले जातात, आणि सूत्रातला तापमानाचा भागही तितक्या उन्हात विश्वासाचा राहत नाही. चाचणीच्या तीन आठवडे आधी जंताचं औषध द्या. राणीखेतची किंवा दुसरी कुठलीही लस चाचणीच्या काळात येणार नाही असं वेळापत्रक लावा.

प्रत्येक कोंबडीला स्वतंत्र पिंजरा लागतो, १५ इंच रुंद, १८ इंच खोल, १८ इंच उंच. मोकळ्यात वाढलेली कोंबडी पिंजऱ्यात आली की आठ-दहा दिवस बिचकते, अंडी कमी करते. म्हणून आधी दोन आठवडे नुसती सवय होऊ द्यायची, नोंदी घ्यायच्या नाहीत. उजेड रोज १५ तास. पाणी निपलने, वाटीतलं पाणी खाद्यावर उडालं की भिजलेलं खाद्य जड भरतं आणि आकडा खोटा होतो.

सगळ्यात जास्त चुका खाद्यभांड्यावर होतात. दोन पिंजऱ्यांना एकच लांब पन्हाळ आणि मध्ये फळी असेल, तर शेजारीण मान वाकडी करून खातेच. भांडं प्रत्येकीचं वेगळं हवं, फळी भांड्याच्या वर निदान ८ इंच यायला हवी. भांड्याची कड आत वळलेली हवी, भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवं आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. भांड्याखाली प्रत्येकीचं पत्र्याचं ताट ठेवा. सांडलेलं त्यात पडतं. ते विष्ठा वेचून, उन्हात वाळवून मोजायचं.

रोज खाद्य मोजत बसायची गरज नाही. प्रत्येक कोंबडीच्या नावाचा, म्हणजे तिच्या पायातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिलेला झाकणाचा डबा घ्यायचा, त्यात सुरुवातीला बरोबर ३ किलो खाद्य भरायचं, आणि २८ दिवस तिच्या भांड्यात फक्त त्याच डब्यातून टाकायचं. शेवटी डबा आणि भांडं मिळून उरलं ५०४ ग्रॅम, ताटात जमलं ३२ ग्रॅम. ३,००० मधून दोन्ही वजा केले की २,४६४, भागिले २८ म्हणजे रोजचे ८८ ग्रॅम. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला चालतो. कोंबडीचं वजन पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, सकाळी, खाद्य घालायच्या आधी. पोट भरलेलं असताना घेतलेल्या वजनात सहज ५०-६० ग्रॅमची चूक निघते, आणि २८ दिवसांच्या चाचणीत तेवढी चूक रोजच्या २ ग्रॅम वाढीएवढी दिसते. अंड्यांची संख्या रोज लिहायची; वजन आठवड्यातले लागोपाठ तीन दिवस घेतलं तरी पुरतं.

खाद्याची सगळी पोती एकाच दिवशी, एकाच घाण्यातून भरडून घ्या. सहा आठवड्यांत मक्याचा लॉट बदलला तर ऊर्जाही बदलते. भरडा मध्यम ठेवा. फार मोठा ठेवला तर कोंबड्या मक्याचे दाणे वेचून खातात आणि सोयाबीन पेंडीची भुकटी खाली ठेवतात; मग डब्यातून किती गेलं ते कळतं, पण पोटात काय गेलं ते कळत नाही. दुपारी तासभर भांडं रिकामं राहील अशा बेताने घातलं की खालची भुकटीही संपते. शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवू नका, खाद्यातच मिसळा. मका दमट, बुरशीचा असेल तर चाचणीच करू नका: बुरशीच्या विषाने यकृत बिघडलेल्या कोंबडीचा फरक तिच्या जनुकांचा नसतो.

चाचणी चालू असताना जी खुडूक बसली, जिला हगवण लागली किंवा जिची पिसं मानेवरून-पाठीवरून झडली, तिच्यापुढे खूण करा. उघड्या अंगाची कोंबडी थंडीत ऊब टिकवायला जास्त खाते. तो तिचा मूळ खादाडपणा नव्हे. खुडूक बसणं मात्र आनुवंशिक आहे, आणि जी वर्षातून तीन-चारदा बसते तिला आरएफआय काढायच्या आधीच मादी-ओळीतून काढावं. पिल्लं मशीनमध्ये उबवायची असतील तर या गुणाची कळपाला गरज उरत नाही.

सगळ्यांचे आकडे आले की प्रत्येकीचं सूत्राने अपेक्षित खाद्य काढा आणि खऱ्यातून वजा करा. मग सगळ्या फरकांची सरासरी काढून ती प्रत्येकीच्या फरकातून वजा करा. तुमचं खाद्य सांगितल्यापेक्षा थोडं हलकं असेल किंवा शेड अंदाजापेक्षा थंड असेल, तर सगळ्याच कोंबड्या ५-६ ग्रॅम जास्त खाल्ल्यासारख्या दिसतात. सरासरी वजा केली की ती चूक निघून जाते आणि क्रम तेवढा उरतो. ४०-५० पेक्षा जास्त कोंबड्या असतील तर सूत्राऐवजी एक्सेलमधलं लाइनेस्ट फंक्शन वापरा: खाल्लेलं खाद्य एका बाजूला, वजनाचा ०.७५ घात, वजनातला बदल आणि अंड्याचं वजन दुसऱ्या बाजूला. ते तुमच्याच कळपावरून गुणक काढून देतं, आणि ते सूत्रापेक्षा जास्त बरोबर बसतात. कमी कोंबड्यांवर हे करू नका, गुणक वेडेवाकडे येतात.

कोंबड्यांचं, म्हणजे नरांचं

नर अंडं घालत नाही, म्हणून त्याचा स्वतःचा आकडा अर्धवट असतो. पूर्ण वाढलेल्या, वजन स्थिर असलेल्या नराचं खाणं वजनाच्या मानाने मोजता येतं, पण मी जास्त भरवसा त्याच्या बहिणींवर ठेवीन. चाचणीतल्या चार-पाच सख्ख्या आणि आठ-दहा सावत्र बहिणींची सरासरी चांगली असेल तर भाऊ ठेवायचा. एका नराच्या हाताखाली सहा-आठ माद्या असतात, म्हणून नर निवडताना झालेली चूक कळपभर पसरते.

त्यासाठी वंशावळ हवी. एका खणात एक नर आणि सहा-आठ माद्या. अंड्यावर पेन्सिलने खणाचा आणि, ट्रॅप नेस्ट (कोंबडी आत शिरली की बंद होणारं अंड्याचं खुराडं) असेल तर, मादीचा नंबर. अंडी टोक खाली करून, सात दिवसांपेक्षा जास्त न साठवता मशीनला लावायची. अठराव्या दिवशी प्रत्येक कुटुंबाची अंडी वेगळ्या जाळीच्या पिशवीत घालायची, म्हणजे एकविसाव्या दिवशी कुठलं पिल्लू कुणाचं हे कळतं. लगेच पंखाला बिल्ला. खणातला नर बदलला तर पुढच्या तीन आठवड्यांची अंडी पैदाशीला वापरू नका. आधीच्या नराचं वीर्य कोंबडीच्या अंगात दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्तही टिकतं, आणि तेवढ्यात वंशावळ खोटी होते.

नर किती ठेवायचे, यावर लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात. एका पिढीत वाढणारं अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात पैदास) म्हणजे १ भागिले (८ गुणिले नर) अधिक १ भागिले (८ गुणिले माद्या). ५ नर आणि ५० माद्या असतील तर पिढीला २.७५ टक्के. माद्या तेवढ्याच ठेवून १० नर केले तर १.५ टक्के. २० नर आणि १०० माद्या ठेवल्या तर पाऊण टक्का. पाच नरांवर चाललेल्या कळपात चार पिढ्यांत अंड्यांची फळण आणि उबवण घटायला लागते, पिल्लं मरतात, आणि खाद्यात वाचवलेलं सगळं तिथे जातं. सगळ्यात चांगल्या नराचेच सगळे मुलगे ठेवण्याऐवजी प्रत्येक नराचा निदान एक मुलगा ठेवा. जवळपासचे दोन-तीन पाळणारे मिळून एकच शुद्ध जात ठेवत असतील तर नर फिरवा, आणि सगळ्यांनी एकाच वर्षी सारखीच चाचणी लावा.

किती मिळतं, आणि कधी मिळत नाही

आशा वाजवी ठेवा. समजा कळपातल्या फरकांचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा विखुरलेपणा) दिवसाला ५ ग्रॅम आहे, आनुवंशिकता (त्या विखुरलेपणातला पोरांत उतरणारा वाटा) ०.३ आहे, आणि वरच्या २० टक्के माद्या तुम्ही ठेवल्या. मादींच्या बाजूने पिढीला साधारण १ ग्रॅम मिळतो. बहिणींवरून निवडलेल्या नरांच्या बाजूने आणखी अर्धा. पिढीला दीड ग्रॅम, म्हणजे शंभर कोंबड्यांमागे वर्षाला ५५ किलो खाद्य. सांडणारं ५ टक्के खाद्य थांबवलंत तर याच्या अडीचपटीहून जास्त बचत याच महिन्यात होते. म्हणून भांड्यांची उंची आधी, निवड नंतर. निवडीतलं मात्र दर पिढीला साठत जातं, हा तिचा खरा फायदा.

ज्यांच्याकडे २५-३० कोंबड्या आहेत आणि पिंजरे नाहीत, त्यांनी आरएफआयच्या मागे लागूच नये. अंडी न देणाऱ्या ओळखून काढल्या तरी त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं. ओटीपोटाच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात ती अंड्यावर आहे. एकच बोट शिरतं ती नाही. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, मऊ आणि उबदार असतो, गुदद्वार मोठं आणि ओलसर. पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांमध्ये अंडी सुरू झाली की पिवळेपणा आधी गुदद्वाराभोवतून, मग डोळ्याच्या कडेवरून, मग चोचीवरून आणि शेवटी पायाच्या नळ्यांवरून उतरतो. पाय अजून पिवळेधमक असलेली जुनी कोंबडी तुमचं रोजचं ६५ ग्रॅम खाद्य फुकट खाते आहे.

परसात मोकळ्या फिरणाऱ्या कळपासाठी पिंजऱ्यातली चाचणी मला धोक्याची वाटते. पिंजऱ्यात कमी हालचाल करणारी, शांत बसणारी कोंबडी काटकसरी ठरते. तीच उकिरड्यावर सोडली तर उकरत नाही, किडे वेचत नाही आणि घारीच्या सावलीला पळतही नाही. अशा कळपात लहान अंग, जास्त अंडी, कमी खुडूकपणा आणि जिवंत राहणं, एवढ्यावरच निवड करावी. तिथे उन्हाळ्यासाठी उघड्या मानेचा जनुक कामाचा आहे: तो एका पालकाकडून आला तर पिसं साधारण २० टक्के कमी, दोघांकडून आला तर ४० टक्के कमी. पिसं प्रथिनांचीच बनतात, म्हणून तेवढं प्रथिन वाचतं आणि अंगाची उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हितकारी नावाचा संकर याच उघड्या मानेच्या कोंबड्यांवरून केला आहे.

शेवटचं काम बहुतेक जण करतच नाहीत: निवड न केलेला तुलनेचा कळप ठेवणं. तीन पिढ्यांनंतर कोंबड्या ४ ग्रॅम कमी खाताना दिसल्या, तर ते निवडीमुळे, चांगल्या खाद्यामुळे की थंड वर्षामुळे, हे सांगता येत नाही. अमेरिकेत १९५७ सालच्या ब्रॉयलरची अशीच एक ओळ, निवड न करता, पिढ्यान् पिढ्या राखून ठेवली होती. म्हणून नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठाच्या संशोधकांना २००१ सालचा ब्रॉयलर तिच्या शेजारी उभा करता आला. ४२ दिवसांत १९५७ ची ओळ तेव्हाच्या खाद्यावर ५३९ ग्रॅमची झाली, २००१ चा ब्रॉयलर २००१ च्या खाद्यावर २,६७२ ग्रॅमचा. दोन्ही ओळींना दोन्ही काळांचं खाद्य घालून पाहिल्यावर कळलं की वाढीतल्या फरकाचा ८५ ते ९० टक्के वाटा पैदाशीचा आणि बाकीचा खाद्याचा होता. तुमच्याकडे त्यासाठी १० नर आणि ३० माद्या पुरतील. त्यांची अंडी निवडलेल्यांच्याच दिवशी, त्याच मशीनला लावा, पिल्लं त्याच शेडमध्ये वाढवा, आणि पुढची बाप-आई चिठ्ठ्या टाकून ठरवा. दर पिढीला दोन्हीकडच्या वीस-वीस तलंगा एकाच चाचणीत, पिंजरे आलटून-पालटून लावून मोजा. भिंतीकडच्या आणि खिडकीकडच्या पिंजऱ्यांत दोन अंशांचा फरक असतो.